राखणीला उभा गडी

शेतीखात्यातल्या माणसाने हॉकीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. गेल्या महिन्यापर्यंत मी या पानांवर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीत होतो, आणि पुढेही हुमणीविषयी लिहायचे ठरले आहे. पण २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये फलटण तालुक्यातल्या एका गावात चार-पाच दिवस जी चर्चा ऐकली, ती डोक्यातून गेली नाही. तीत मीही दोन शब्द बोललो. म्हणून ही हकीकत.

आता फलटणकडच्या माणसाला हॉकीचे एवढे वेड का, असे कोणी विचारील. आपल्याकडे लहान पोरगे हातात पहिली धरते ती क्रिकेटची फळी. पण या तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या दोन शेतकऱ्यांच्या मुली भारताच्या महिला हॉकी संघातून खेळल्या, तेव्हापासून इकडच्या वाड्यावस्त्यांवर मुलींच्या हातात स्टिक दिसू लागली. एरवी पोरीला तालुक्याला पाठवताना दहा वेळा विचार करणारे बापसुद्धा 'फाळक्यांची पोर गेली, ढेकळ्यांची गेली' म्हणून गप्प बसतात. अक्षता तर बचावाची खेळाडू. म्हणजे गोल करून नाव मिळवणारी नव्हे, गोल होऊ न देणारी. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

४ ऑगस्टला रविवार होता आणि आषाढी अमावास्या. घरोघरी बायकांनी दिवे-समया घासूनपुसून पाटावर मांडल्या होत्या, कणकेचे गोड दिवे उकडले होते. पुरुषमंडळींपैकी काहींचा त्या दिवसाचा कार्यक्रम वेगळाच असतो, श्रावण उद्यापासून लागणार म्हणून. त्याविषयी अधिक लिहीत नाही. पाऊस तीन दिवस लागून राहिला होता. मी मक्यावरची लष्करी अळी पाहायला आलो होतो, पण शिवारात पाऊल टाकायची सोय नव्हती. तेव्हा दूध केंद्रात टेकलो. तिथे टीव्ही लावलेला, आणि दुपारी दीड वाजता पॅरिस ऑलिंपिकमधला भारत आणि ग्रेट ब्रिटन यांचा उपांत्यपूर्व सामना सुरू होणार होता. इथून पुढे जो हरेल तो घरी.

जमलेल्यांत एक निवृत्त सुभेदार होते. मराठा लाईट इन्फन्ट्रीत असताना पलटणीच्या संघातून फुलबॅक खेळलेले. वय सत्तरीच्या पुढे, पण पाठ ताठ. एक पोल्ट्रीवाला तरुण होता, त्याला सगळ्या खेळातले सगळे कळते. दोन-चार दूध घालायला आलेले. दाराशी पोत्यावर एक आजीबाई. आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, त्यांची नात. नववीतली. तिचा बाप आत मापाजवळ उभा होता. अडीच एकर जमीन, त्यात एकर ऊस, बाकी मका, दोन म्हशी.

मुलीकडे माझे लक्ष गेले ते ती टीव्हीकडे पाहत नव्हती म्हणून. सगळे पाहत होते, ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत होती.

सामना सुरू झाला. पहिली पंधरा मिनिटे बरोबरीची. दुसऱ्या पावकीत, सतराव्या मिनिटाला, आपला अमित रोहिदास चेंडू घेऊन निघाला असता त्याची स्टिक वर गेली आणि पाठीमागच्या विल कॅल्ननच्या चेहऱ्याला लागली. पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि लाल कार्ड काढले. हॉकीत हिरवे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर, पिवळे म्हणजे निदान पाच मिनिटे, आणि लाल म्हणजे उरलेल्या सामन्यापुरते संपले. बदली गडीही घेता येत नाही. साठ मिनिटांच्या खेळातली त्रेचाळीस मिनिटे उरली होती आणि मैदानात अकराला दहा.

केंद्रात एकच गलका झाला. पोल्ट्रीवाला उठून उभा राहिला. "घालवला! एका माणसानं सगळा संघ घालवला. ह्याला परत संघात घेता कामा नये."

मुलीचा बाप आतून म्हणाला, "असंच असतंय. मागचा गडी चुकला की सगळं गेलं."

हे वाक्य त्याने टीव्हीकडे बघून म्हटले, पण मुलीचा अंगठा थांबला. आजीबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिले आणि काही न बोलता पदर सावरला. काहीतरी आहे एवढे मला कळले. काय आहे ते सुभेदारांनी नंतर सांगितले.

आधीच्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत या मुलीच्या शाळेचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत गेला होता. पोर फुलबॅक. गोल कुठलाच नाही, शेवटची दोन-तीन मिनिटे उरलेली, आणि समोरून आलेल्या मुलीच्या पायात हिची स्टिक अडकली, तीही वर्तुळाच्या आत. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला, गोल झाला, सामना गेला. परतीच्या गाडीत हिच्याशी कोणी बोलले नाही. गावात आल्यावर मात्र सगळे बोलले. 'तिच्यापायी गेला' हे बापाने याच दूध केंद्रात, याच मापाजवळ ऐकले. त्या दिवशी स्टिक माळ्यावर गेली ती वर्षभर तिथेच. आता नव्या हंगामाची निवड होती आणि शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला होता. बाप म्हणत होता, पुरे झाले, दहावी जवळ आली. मुलगी काहीच म्हणत नव्हती.

सामन्याकडे वळतो. दहा माणसे उरली तेव्हा भारताने काय केले, हे सुभेदारांनी पडद्यावर बोट ठेवून ठेवून सांगितले आणि मला ते आमच्या खात्यातल्या कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा सोपे वाटले.

"बघा सायेब, आता म्होरचा एक गडी मागं आला. मनप्रीतला रोहिदासच्या जागेवर वढलंय. शेताला कुंपन चारी बाजूंनी घालायचं, पर काटं कमी पडलं तर काय करतासा? जिथनं जनावर येतंय ती वाट बंद करायची. बाकीकडं थोडं उघडं राहू द्यायचं. ह्यांनी मधली वाट बंद केली. इंग्रजांना म्हनत्यात, कडंकडंनं या, हवं तितकं या. कडंला गोल न्हाय."

खरेच तसे चालले होते. ब्रिटनचे खेळाडू बाजूने चेंडू आणीत, शेवटच्या रेघेपर्यंत येत, आणि तिथे दोन आपले गडी त्यांना रेघेवर दाबून धरीत. कोणी चेंडूवर झेप टाकीत नव्हते. स्टिक जमिनीला टेकवलेली, गुडघे वाकलेले, आणि समोरच्याबरोबर मागे मागे सरकत जायचे. पोल्ट्रीवाल्याला हे पाहवेना. "अरे हिसकून घ्या की! नुसतं मागं काय सरताय?"

"हिसकायला गेला आन् हुकला तर मागं कोन हाय?" सुभेदार म्हणाले. "म्होरचा गडी धा येळा हुकतो, टाळ्याच वाजत्यात त्येला. मागच्यानं एकदा हुकलं की गोल. म्हनून त्येनं हिसकायचं नसतंय, खोळंबा करायचा असतोय. समोरच्याचा येळ खायाचा."

माळ्यावर बसून ज्वारीची राखण ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गोफण घेऊन पाखरामागे शेतभर धावणारा राखण्या आपल्याच धाटांची नासाडी करतो. माळ्यावरून हलायचे नाही, नजर चौफेर ठेवायची, आणि थवा उतरायच्या आत आवाज करायचा. दिवसाअखेर त्याने काय केले हे कोणाला दिसत नाही, कारण कणसे जिथल्या तिथे असतात.

बाविसाव्या मिनिटाला मात्र आक्रीतच घडले. दहा जणांच्या भारतालाच पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि कर्णधार हरमनप्रीतसिंगने गोल केला. हा गडी अमृतसरजवळच्या तिम्मोवाल गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी बापाचा ट्रॅक्टर चालवलेला. हे मी सांगताच केंद्रातल्या दोघा-तिघांनी अशी मान डोलावली की जणू त्यांच्याच भावकीतला पोरगा. पण पाचच मिनिटांत ली मॉर्टनने चालत्या खेळात बरोबरी केली. एकास एक. अर्धा सामना बाकी.

पुढची तीस मिनिटे वाचकांना कशी सांगू? चेंडू जवळजवळ आपल्याच अंगणात होता. ब्रिटनला पेनल्टी कॉर्नरामागून पेनल्टी कॉर्नर मिळत गेले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावे लागते. समोर हल्ला करणाऱ्यांची फौज वर्तुळाच्या कडेला, गोलापासून सुमारे साडेचौदा मीटरवर. बाजूने चेंडू त्यांच्याकडे ढकलला जातो, एकजण तो अडवतो आणि दुसरा स्टिकवर ओढून घेऊन गोलाकडे भिरकावतो. तो ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने येतो. आणि बचावातला एक गडी, चेंडू हलला रे हलला की, गोलरेषेवरून थेट त्या फेकणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. गुडघ्याला गादी, तोंडाला जाळी, हातात मोजे. त्याचे काम चेंडू मिळवणे हे नाही. त्याचे काम म्हणजे फेकणाऱ्याच्या समोर भिंत होणे. अंगावर आला तर आला. याला रशर म्हणतात. भारताचा पहिला रशर कोण होता? अमित रोहिदास. जो लाल कार्ड घेऊन बाहेर बसला होता तोच.

ते काम त्या दिवशी इतरांनी वाटून घेतले. पेनल्टी कॉर्नरवर ब्रिटनला एकही गोल करता आला नाही. जरमनप्रीतसिंग तर सगळीकडे दिसत होता. आणि जे पुढच्यांतून निसटले ते श्रीजेशने घेतले.

आजीबाईंनी विचारले, "ते मोठ्ठ्या पायाचं, डोक्यावर टोप घातलेलं पोरगं कुनाचं?"

मी सांगितले, केरळचे आहे आजी, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या किळक्कम्बलम गावचे, शेतकऱ्याचेच. शाळेत असताना गोलरक्षकाचे सामान घ्यायला पैसे नव्हते, तर बापाने गाय विकली. त्याने हे स्वतः पुष्कळ ठिकाणी सांगितले आहे.

"दुभती?" आजीबाईंनी विचारले.

ते काही मला ठाऊक नव्हते. पण हा प्रश्न शहरातल्या माणसाला कधी सुचला नसता. आजीबाई बराच वेळ त्या पोराकडे पाहत राहिल्या आणि पुढे तो दिसला की 'गाईवाला' म्हणू लागल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत त्याचे तेच नाव झाले.

साठ मिनिटे संपली, एकास एक. मग शूटआऊट. पाच-पाच जणांनी तेवीस मीटरच्या रेघेवरून एकट्याने चेंडू घेऊन यायचे, समोर एकटा गोलरक्षक, आणि आठ सेकंदांत गोल करायचा. नेमकी इथे वीज गेली! केंद्रात जो काही उद्धार झाला तो छापता येण्यासारखा नाही. पोल्ट्रीवाल्याने मोबाईल काढला आणि पंचवीस डोकी त्या वीतभर काचेवर वाकली. मला काहीच दिसत नव्हते. जे ऐकले ते मुलीच्या तोंडून. ती कधी पुढे आली होती कळलेच नाही. मोबाईलच्या अगदी जवळ तिचे डोके होते आणि मागच्यांना ती सांगत होती, "हरमनप्रीतचा झाला... सुखजीतचा झाला... ह्यांचा बाहेर गेला... ललितचा झाला... अडवला, अडवला श्रीजेशनं!" शेवटचा राजकुमार पालचा गोल झाला तेव्हा तिने आजीच्या हातातली पिशवी उडवली. चार विरुद्ध दोन. दहा माणसांनी त्रेचाळीस मिनिटे काढून भारत उपांत्य फेरीत गेला.

बाप मापाजवळून हलला नव्हता. म्हणाला, "जितलं म्हनून बरं. हारलं असतं तर त्या रोहिदासला गावात तोंड दावता आलं नसतं."

सुभेदारांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

रोहिदासला एका सामन्याची बंदी झाली. भारताने दाद मागितली, ती फेटाळली गेली. म्हणजे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो नाही. तो सामना ६ ऑगस्टला, मंगळवारी, आपल्याकडच्या रात्री साडेदहाला. श्रावणातली पहिली मंगळागौर. गावात एका घरी नव्या सुनेची मंगळागौर होती, जागरण होणारच होते, तेव्हा टीव्ही ओसरीवर आणला गेला. आत बायकांच्या फुगड्या आणि झिम्मा, बाहेर हॉकी. पावसामुळे मीही त्या रात्री गावातच अडकलो होतो, त्यामुळे हा अपूर्व योग पाहायला मिळाला. आतून 'काय झालं?' असा आवाज यायचा, बाहेरून आकडा सांगितला जायचा आणि झिम्मा पुन्हा सुरू.

आकडा शेवटी चांगला लागला नाही. सातव्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल करून सुरुवात छान केली. अठराव्या मिनिटाला गोन्झालो पेयाट याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. हा गडी पूर्वी अर्जेंटिनाकडून खेळून २०१६ चे सुवर्ण जिंकलेला, आता जर्मनीचा. सत्ताविसाव्या मिनिटाला आपल्या बचावाच्या चुकीबद्दल पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि क्रिस्टोफर रूरने तो घातला. सुखजीतने छत्तिसाव्या मिनिटाला फेडले. पण चोपन्नाव्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊने तिसरा केला. अगदी शेवटी शमशेरसिंगला संधी आली होती, फटका गोलावरून गेला. दोन विरुद्ध तीन. १९८० नंतर सुवर्णपदकाच्या सामन्यात जाण्याची आशा तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी पारावर जी चर्चा झाली, तिच्यात मात्र मला खरा रस वाटला. रविवारी 'ह्याला परत घेऊ नका' म्हणणारा पोल्ट्रीवालाच आता म्हणत होता, "काल रोहिदास पायजे होता. पेयाटच्या अंगावर धावून जायाला तोच पायजे होता." त्यावर दुसरा म्हणाला, रोहिदास असता तरी गोल झालाच असता, पेयाटला कोण अडवतो? तिसऱ्याचे म्हणणे, दोष मागच्या फळीचा नाहीच, पुढच्यांनी मिळालेल्या संधी वाया घातल्या, शमशेरचा तो फटका आत गेला असता तर कोणी बचावाचे नावही काढले नसते. चांगला तासभर हे चालले. मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या कित्येक ग्रामसभांपेक्षा ही चर्चा सरस होती, निदान प्रत्येकाने सामना तरी पाहिलेला होता.

सुभेदार बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेचं नाव कुनाला म्हाईत न्हाय? चार ऑलिंपिक खेळला, वाघ गडी. त्येच्या मागं फुलबॅक कोन हुता, सांगा."

कोणी बोलेना.

"दिलीप तिर्की. चारशेच्या वर सामनं खेळला देशासाठी. आन् त्यो कुठला? ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यातलं सौनामारा गाव. रोहिदास त्याच गावचा."

त्या भागाची थोडी माहिती मी वाचलेली होती, ती पुढे जोडली. तो आदिवासी मुलूख. पोरे बांबूच्या, झाडाच्या वाकड्या फांदीच्या काठ्या करून खेळायला लागतात. गावोगावी स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. बोकड ऐकताच पारावर पुन्हा चैतन्य आले. 'आपल्याकडं असं बक्षीस ठेवा, सगळं गाव हॉकी खेळंल' अशी सूचना लगेच मांडली गेली, पण श्रावण असल्याचे एकाने ध्यानात आणून दिले.

सुभेदारांनी मात्र विषय सोडला नाही. मुलीचा बाप पाराच्या कडेला उसाला पाणी सोडायची पाळी विचारायला आला होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या स्पेनसंगं कांस्यपदकाचा सामना हाय. रोहिदासला खेळवत्यात का न्हाय बघू. खेळवलं न्हाय तर आपुन म्हनू, चुकला म्हनून काढला."

खरे तर यात बघण्यासारखे काही नव्हते, बंदी एकाच सामन्याची होती. सुभेदारांना हे चांगले ठाऊक होते. मीही गप्प राहिलो.

८ ऑगस्टला, गुरुवारी, साडेपाचला सामना. दूध घालायची हीच वेळ, त्यामुळे केंद्रात उभे राहायला जागा नव्हती. स्पेनचे नाव ऐकून मला माझे बारावे वर्ष आठवले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा अंतिम सामनाही स्पेनशीच होता. शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून आम्ही पोरे ऐकत होतो. तीन-शून्य अशी आघाडी घेतली आणि मग स्पेनने एक-एक गोल फेडायला सुरुवात केली. चार-तीन असा संपेपर्यंत माझ्या काकांनी तीन वेळा रेडिओ बंद करून पुन्हा लावला. बचाव म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले. न दिसणाऱ्या सामन्यात दर मिनिटाला वाटायचे, आता गेला. असो.

रोहिदास मैदानात होता. पोल्ट्रीवाल्याने त्याला पाहताच टाळी वाजवली, रविवारचे स्वतःचे बोल तो बहुधा विसरला होता. माणसाचे हे असेच असते, आणि ते एका परीने बरेच आहे. अठराव्या मिनिटाला मार्क मिरालेसने पेनल्टी स्ट्रोकवर स्पेनला पुढे नेले. मध्यंतराच्या तोंडावर, तिसाव्या मिनिटाला हरमनप्रीतने बरोबरी केली, तेहेतिसाव्याला पुन्हा त्यानेच दुसरा केला. दोन विरुद्ध एक. आणि त्यानंतर सत्तावीस मिनिटे राखण!

या सत्तावीस मिनिटांत मी सामना थोडा आणि माणसे जास्त पाहिली. बाप या वेळी मापाजवळ नव्हता, टीव्हीसमोर बसला होता. शेजारी मुलगी. शेवटच्या मिनिटात स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पाच जण गोलरेषेवर गेले. त्यात पहिला, अंगावर धावून जायला वाकलेला, रोहिदास. बापाने हळूच विचारले, "ह्योच का त्यो?"

मुलगी म्हणाली, "हां दादा. ह्याचं काम लई वाईट. चेंडू लागतोय."

"आन् लागला तर?"

"लागला तर गोल होत न्हाय."

श्रीजेशने तो अखेरचा हल्लाही परतवला आणि भोंगा वाजला. टोकिओला २०२१ साली जर्मनीविरुद्ध पाच-चार असताना सात सेकंदांहूनही कमी वेळ उरला होता आणि त्याने असाच पेनल्टी कॉर्नर अडवला होता. हा त्याचा भारतासाठीचा शेवटचा सामना होता, छत्तिसाव्या वर्षी. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये पदक ही गोष्ट भारताच्या हॉकीत १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच घडली. पडद्यावर तो गोलाच्या खांबांपुढे आडवा होऊन नमस्कार करीत होता, आणि आजीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "गाय फिटली गं बाई."

मुलगी तोवर बाहेर गेली होती. बाप काही वेळ बसून राहिला. मग सुभेदारांना म्हणाला, "पर त्येला कुनी बोललं न्हाय का वं? ह्या चार दिसांत?"

"कोन बोलनार? लाल कार्ड मिळालं तवा बाकीच्या धा जनांनी त्येच्या वाटचं काम करून ठिवलं. आज त्येनं त्येंच्या वाटचं केलं. संघ म्हंजे काय मग?" एवढे बोलून सुभेदार काठी टेकीत निघाले. दारात थांबून म्हणाले, "तुज्या पोरीच्या टायमाला बाकीच्या धा पोरींनी एक तरी गोल केला हुता का, कधी इचारलंस?"

बापाने उत्तर दिले नाही. मीही माझी छत्री शोधू लागलो. परक्याच्या घरचा तो प्रश्न, आणि सल्ला फक्त पिकाबद्दल द्यावा ही सवय मला तीस वर्षांच्या नोकरीने लावली आहे. तरी जाता जाता एवढे बोललो की, शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला म्हणजे त्यांना राखणीला दुसरी पोर मिळालेली दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी कोणी औत धरीत नाही, जमीन उकरीत नाही, त्यामुळे सगळे घरी. पावसाने उघडीप दिली होती म्हणून मी मका पाहायला बांधाबांधाने गेलो. त्याच्या वावरातच लष्करी अळीचा जोर जास्त होता. शेंड्याच्या पोंग्यात ताजी विष्ठा, पानांना ओळीने भोके. मी त्याला दाखवले आणि म्हटले, आता थांबू नकोस, उद्या शनिवारी संध्याकाळी फवारणी घे, औषध वरवर नको, थेट पोंग्यात पडले पाहिजे.

तो पान चोळत उभा राहिला.

"सायेब, रविवारी मारलं तर चालंल का? एक दिवसानं काय लई बिघडंल?"

ढग विरळ झाले होते आणि दोन दिवस पाऊस नसावा असे वाटत होते. म्हटले, एक दिवसाने काही होत नाही, पण सोमवारवर ढकलू नकोस. उद्या काय आहे?

"उद्या पोरीला सरावाला न्यायाचं हाय तालुक्याला. निवड हाय म्हनं. सकाळी जायाचं, याला सांज हुतीया." आणि मग थोडे थांबून, "काठीचं मुठीकडचं कापड उंदरानं कुरतडलंय. ते कुठं मिळतंय, ठावं हाय का?"

ते मला ठाऊक नव्हते. सुभेदारांना असेल, म्हणालो, आणि आम्ही दोघे चिखल चुकवीत त्यांच्या घराकडे निघालो.